झाडाची छाटणी कशी करावी व कोणाकडून करवावी

चैत्र-वैशाखाचे दिवस आले कीं आपल्या गांवाच्या गल्ल्यांतून एक हांक ऐकूं येऊं लागते: "झाड तोडायचंय का, झाऽड!" दोघे-तिघे जण असतात, एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, दुसऱ्याच्या कमरेला कोयता, तिसऱ्याजवळ दोराचें वेटाळें. पावसाळा तोंडावर आलेला असतो, मागील वर्षीं शेजाऱ्याच्या कौलांवर फांदी पडली होती तिची आठवण ताजी असते, आणि आपल्या अंगणांतील झाड तर छपरावर ओणवलेलें दिसतें. घरधनी विचारतो, "काय घेणार?" घासाघीस होऊन सौदा ठरतो, आणि ज्या झाडाला वाढावयास तीस वर्षें लागलीं तें दोन तासांत बोडकें होऊन उभें राहतें. हें वार्षिक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां तो हंगाम जवळ आलेला असेल. सबब या दोन तासांविषयीं विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं सांगावें असें मनांत आलें.

हें सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास आहे तो केवळ स्वतःच्या एका चुकीच्या जोरावर. आमच्या घरामागें एक जुना कडुनिंब आहे. सुमारें बारा वर्षांपूर्वीं अशाच एका वैशाखांत आम्हीं तो एका इसमास छाटावयास दिला. मजुरी ठरली नाहीं; निघेल तें लांकूड त्यानें न्यावें, असा करार. पैसा खर्च न होतां काम झालें म्हणून आम्ही आनंदांत होतों. त्यानें सर्व मुख्य फांद्या माणसाच्या दोन पुरुष उंचीवर सरळ रेषेंत तोडल्या. पुढील पावसाळ्यांत त्या प्रत्येक खुंटाच्या टोकाशीं कोंवळ्या फुटव्यांचा झुबकाच्या झुबका आला, आणि तीन वर्षांत झाड पूर्वींपेक्षांही दाट दिसूं लागलें. चौथ्या पावसाळ्यांत एका रात्रीं वारा सुटला, मांडीएवढा झालेला एक फुटवा मुळापासून निसटला व मागच्या पडवीच्या पन्हळी पत्र्यावर पडून पत्रा फोडून आंत आला. त्या पडवींत आमच्या मुली अभ्यासास बसत असत. त्या रात्रीं कौटुंबिक प्रार्थनेची वेळ झाली म्हणून त्या पाव घटकेपूर्वींच उठून आंत आल्या होत्या. सकाळीं पाहतों तों फांदी मोडलेली नव्हती. ती सालपट सोलावें तशी सुटून आली होती, आणि तिच्याखालचा खुंट भिजलेल्या पावासारखा बोटानें उकरतां येत होता. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचें वाचन करूं लागलों.

माणसाच्या हाताला कापलें तर कांहीं दिवसांनीं जखम भरून येते; फाटलेल्या जागीं नवें मांस व नवी कातडी तयार होते. झाडाचेंही तसेंच असावें अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. झाडाची जखम भरून येत नाहीं, ती झांकली जाते. कापलेलें लांकूड होतें तसेंच त्याच जागीं झाडाच्या पोटांत जन्मभर राहतें, आणि झाड त्याच्याभोंवतीं भिंती घालून कुज आंत कोंडून ठेवण्याचा यत्न करतें. ही गोष्ट स्पष्ट करून दाखविली ती अमेरिकेच्या वनखात्यांतील अ‍ॅलेक्स शायगो (१९३०–२००६) या शास्त्रज्ञानें. त्याच्या पूर्वींचे अभ्यासक खोडाचे आडवे तुकडे करून पाहत. शायगोनें यांत्रिक करवत घेऊन हजारों झाडें उभीं चिरलीं, आणि जुन्या जखमेपासून कुज वर किती गेली, खालीं किती गेली, आंत कोठें थांबली हें डोळ्यांनीं पाहिलें. १९७७ सालीं त्यानें व हॅरोल्ड मार्क्स यानें मिळून या निरीक्षणांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि जगभर झाडें छाटण्याची रीत तेव्हांपासून बदलूं लागली.

त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा: झाड चार भिंती उभारतें. पहिली भिंत खोडांतील उभ्या नळ्या बुजवून तयार होते. ती सर्वांत दुबळी, म्हणून कुज वर-खालीं लवकर पसरते. दुसरी भिंत आंतल्या गाभ्याकडे जाणाऱ्या कुजीस अडविते, तिसरी बाजूंकडे जाणाऱ्या कुजीस. चौथी भिंत सर्वांत बळकट. ती जखम झाल्यानंतर सालीलगतचा कागदाइतका पातळ सजीव थर नव्यानें घालतो, आणि जखमेच्या दिवशीं जें लांकूड होतें तें व त्यानंतर जें होईल तें, या दोहोंमध्यें ती पडदा धरते. पोकळ खोडाचे वड व चिंचा शंभर-शंभर वर्षें हिरव्या कशा राहतात याचें उत्तर या चौथ्या भिंतींत आहे. परंतु भिंती बांधावयास सामग्री लागते, आणि ती सामग्री पानें तयार करतात. एकाच दिवशीं जखमा शंभर केल्या व पानें सगळीं काढून नेलीं, तर झाडानें भिंती कशाच्या बळावर घालाव्या?

आतां फांदी कोठें कापावी हा प्रश्न. विद्यार्थ्यांनीं शाळेच्या आवारांतील कोणतीही हातभर जाडीची फांदी नीट न्याहाळावी. फांदी जेथें खोडास मिळते तेथें तिच्या बुडाशीं, विशेषतः खालच्या अंगास, शर्टाच्या गळपट्टीसारखा किंचित् फुगवटा दिसेल. वरच्या बेचक्यांत सालीची एक खडबडीत, काळसर घडी दिसेल. हा फुगवटा फांदीचा नव्हे, खोडाचा आहे. कुजीस अडविणारें द्रव्य याच भागांत अधिक असतें. म्हणून कापावयाचें तें या फुगवट्याच्या लगत बाहेरून. फुगवटा राखावा आणि त्यापुढें खुंट मात्र ठेवूं नये. आपल्याकडे चूक दोन्ही अंगांनीं होते. एक जण हातभर खुंट सोडतो. तो वाळतो, कुजतो, आणि साल त्याला ओलांडून मिटूं शकत नाहीं. दुसरा, काम सफाईदार दिसावें म्हणून, फांदी खोडाशीं अगदीं सपाट करून टाकतो. दिसावयास तें सुबक, परंतु त्यानें फुगवटा गेला, खोडासच जखम झाली, आणि कुजीस घराचें दार उघडें झालें. पूर्वींच्या पुस्तकांतूनही हें सपाट कापणेंच योग्य म्हणून शिकविलें जात असे, तेव्हां हा दोष एकट्या मजुराच्या माथीं मारतां येत नाहीं.

जाड फांदी एकाच घावांत वरून कापूं लागलें तर अर्ध्यावर येतांच ती आपल्या भारानें खालीं कलते व खोडाची साल वीतभर, कधीं हातभर, सोलून नेते. हें टाळण्यास तीन काप घ्यावे लागतात. पहिला काप फांदीच्या बुडापासून सुमारें एक फूट पुढें, खालच्या बाजूनें, जाडीच्या चौथाई-तिसऱ्या हिश्श्याइतका खोल. दुसरा काप त्याच्या बोटभर पुढें, वरून, आरपार. येथें फांदी गळून पडते, आणि साल फाटली तरी पहिल्या कापाशीं येऊन थांबते. आतां भार उरला नाहीं. मग तिसऱ्या कापानें उरलेला खुंट फुगवट्याच्या बाहेरून स्वच्छ करवतीनें काढावा. कुऱ्हाड व कोयता यांनीं हें साधत नाहीं. त्यांनीं लांकूड चेंचतें व फुटतें. ज्याच्याजवळ धारदार करवत नाहीं त्यास छाटणीस बोलावूं नये, ही पहिली कसोटी समजावी.

कापलेल्या जागीं डांबर, रंग, शेण किंवा गेरू फांसण्याची चाल आहे. मनाला तेवढेंच बरें वाटतें, परंतु अशा लेपानें आंतील कुज थांबत नाहीं असेंच प्रयोगांत दिसून आलें आहे. उलट लेपाखालीं ओलावा कोंडला जातो. फळबागाइतदार बोर्डो मलम लावतात तें विशिष्ट बुरशीच्या रोगांसाठीं. तो त्यांचा वेगळा धंदा. अंगणांतील झाडाची जखम उघडीच ठेवावी.

मुंडण करण्याची जी रीत आमच्या कडुनिंबास भोंवली, तिचें थोडें अधिक स्पष्टीकरण केलें पाहिजे, कारण आपल्या शहरांत नव्वद घरधन्यांची समजूत अशी कीं झाड आंखूड केलें म्हणजे सुरक्षित झालें. झाडाचें अन्न पानांत तयार होतें व फांद्यांत, खोडांत, मुळांत साठविलें जातें. सर्व पानें एका दिवसांत गेलीं म्हणजे झाड उपाशी पडतें आणि जीव वांचविण्याकरितां सालीखालचे निजलेले डोळे एकदम जागे करून सांठ्यांतील अन्नावर भराभर फुटवे काढतें. हे फुटवे वर्षाला पुरुषभर वाढतात, म्हणून तीन-चार वर्षांत उंची होती तेवढीच होते. परंतु नैसर्गिक फांदीचा सांधा खोडाच्या थरांत वर्षानुवर्षें गुंतत जाऊन पक्का झालेला असतो. या फुटव्याचा सांधा खुंटाच्या केवळ बाहेरच्या थरांत असतो, आणि त्याच्या खालीं तोच खुंट कुजत असतो. वर भार वाढतो, खालीं आधार घटतो. म्हणजे भीतीपोटीं पैसे देऊन आपण जी भीति घालवितों, तीच चार वर्षांनीं दुप्पट करून घेतों. शिवाय वर्षानुवर्षें सांवलींत वाढलेल्या सालीवर वैशाखाचें ऊन एकाएकीं पडून ती भाजून तडकते, तें निराळेंच.

याच्या उलट एक नवी खोड अलीकडे दिसते. आंतल्या बारीक फांद्या सगळ्या खरवडून काढावयाच्या आणि टोकांशीं तेवढे पानांचे गोंडे ठेवावयाचे. झाड मोकळें दिसतें खरें, पण सर्व भार फांदीच्या टोकाशीं जातो, आणि वाऱ्यांत ती मोडण्याची शक्यता वाढते.

मग छाटावें तरी काय? प्रथम वाळलेलें, किडलेलें व मोडकें. यास ऋतूही पाहावयास नको. मग एकमेकींवर घांसणाऱ्या दोन फांद्यांपैकीं एक. मग छपरावर, विजेच्या तारांवर, रस्त्यावर येणारी. उंच फांदी आंखूड करणें प्राप्तच असेल तर ती वाटेल तेथें न तोडतां, जेथें तिला एक बाजूची फांदी फुटली आहे तेथवर मागें आणावी. आणि ती बाजूची फांदी मूळ फांदीच्या निदान एक-तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे पुढचा कारभार ती सांभाळूं शकते. एका वर्षांत हिरव्या पानांचा चौथा हिस्सा ही शेवटची मर्यादा. जुन्या झाडाच्या बाबतींत त्याहूनही बरेंच कमी. खरें पाहतां छाटणीचें उत्तम वय झाडाचें बाळपण होय. एकाच बुंध्यास इंग्रजी व्ही अक्षरासारखीं दोन सारख्या जोराचीं खोडें फुटूं लागलीं, आणि त्यांच्या बेचक्यांत साल आंत दुमडून बसली, कीं तो सांधा पुढें केव्हां तरी उकलावयाचा. गुलमोहराच्या बाबतींत तर हें सर्वांनीं पाहिलें असेल. अंगठ्याएवढ्या जाडीच्या वेळीं त्यांतील एक काढली तर जखम वर्षा-दोन वर्षांत मिटते. तेंच तीस वर्षांनीं केलें तर घमेल्याएवढी जखम झाडास बाळगावी लागते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत द्राक्षवेलाच्या छाटणीचा जो उल्लेख आहे, तेथें मूळ ग्रीक भाषेंतील क्रियापदाचा अर्थ 'स्वच्छ करणें' असा आहे, हें येथें सहज आठवतें. कांपून कमी करणें व स्वच्छ करणें यांत फरक आहे. मात्र द्राक्षवेलाचा नियम कडुनिंबास लावूं नये. नाशिककडे बागाइतदार एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत फळछाटणी करतात, आणि वेल जवळजवळ उघडा करतात. तो फळासाठीं, आणि त्या वेलास त्याची संवय लावलेली असते. सांवलीच्या झाडापासून आपणांस घड नको आहेत.

ऋतूविषयीं इतकेंच कीं जोराचा पाऊस चालू असतां हिरवी फांदी मुद्दाम कापूं नये, कारण बुरशीचीं बीजें तेव्हां हवेंत व पाण्यांत भरपूर असतात. कडुनिंबासारखीं झाडें पानगळ होऊन नवी पालवी फुटावयाच्या आधीं, म्हणजे माघ-फाल्गुनाच्या सुमारास, छाटणें बरें. आंब्यास मोहोर फांदीच्या टोकांवर येतो, म्हणून त्याची छाटणी फळें उतरून घेतल्यावर लवकर करावी; आंब्याचा चीक अंगावर उततो, हेंही ध्यानांत असावें. वैशाखांत फांद्यांवर कावळ्यांचीं व इतर पक्ष्यांचीं घरटीं असतात. झाडावर माणूस चढविण्यापूर्वीं घरांतील मुलांस खालून पाहावयास सांगावें. या कामीं मुलांचे डोळे मोठ्यांपेक्षां चांगले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येंत रानपक्ष्यांचीं अंडीं फोडणें वा घरटीं विस्कटणें हें शिकारींतच गणलें आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पुष्कळ पालकांस वाटतें कीं झाड आपल्या कुंपणांत आहे, आपण लाविलें आहे, मग परवानगी कसली? महाराष्ट्रांतील नागरी क्षेत्रांस १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यांत झाड 'तोडणें' या शब्दांत जाळणें, कापणें व कोणत्याही रीतीनें झाडास इजा करणें यांचा समावेश केलेला आहे. २०२१ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यावरील वयाच्या झाडांस वेगळें संरक्षण मिळालें. यास्तव मोठी छाटणी करण्यापूर्वीं नगरपालिकेच्या वा महानगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. खेपा घालाव्या लागतात, हें खरें. म्हणूनच अर्ज वैशाखांत न करतां पौषांत करावा.

आतां माणूस कसा निवडावा. सर्वांत मोठी गोष्ट मजुरीची. लांकडावर काम देऊं नये. ज्याची कमाई लांकडाच्या वजनांत आहे, त्याचें लक्ष वाळक्या काटक्यांकडे जाईल कसें? तो जाडजूड, निरोगी, भरीव फांदीच तोडील, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. करारच आपण तसा केला. काम मोजून, कोणत्या फांद्या काढावयाच्या त्यांस खडूनें वा चिंधीनें खूण करून, रोख मजुरी ठरवावी, आणि लांकडाचें काय तें निराळें बोलावें. दुसरें, त्यास विचारावें कीं तूं काय काढशील व कां काढशील. जो झाडाभोंवतीं फिरून, वर पाहून, मग बोलतो तो जाणता. जो आल्याबरोबर "सगळं साफ करून देतो" म्हणतो त्यास पाणी पाजून परत पाठवावें. पाश्चात्त्य देशांत या धंद्याचें रीतसर शिक्षण असतें; इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था १९२४ पासून आहे, व ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रें देते. आपल्याकडे असे पदवीधर वृक्षतज्ज्ञ थोडे. परंतु मोठ्या शहरांतून ते मिळूं लागले आहेत, आणि घरावर झुकलेल्या जुन्या झाडासाठीं त्यांचा एकदां सल्ला घेणें हें छपराच्या दुरुस्तीपेक्षां स्वस्त पडतें.

तिसरी गोष्ट त्या माणसाच्या जिवाची. आपण खालीं खुर्ची टाकून बसतों, आणि वर एक कुटुंबवत्सल मनुष्य अनवाणी, एका हातानें फांदी धरून दुसऱ्या हातानें कोयता चालवीत असतो. त्याच्या कमरेस बांधलेला व त्याच्याहून वरच्या बळकट फांदीवरून घेतलेला दोर असलाच पाहिजे. डोक्यास शिरस्त्राण असावें. खालीं एक जाणता गडी केवळ लोकांस दूर ठेवण्यासाठीं उभा असावा. घरावरील फांदी दोरानें बांधून हळूहळू उतरवावी, टाकूं नये. विजेच्या तारेपासून दहा फुटांच्या आंत कोणासही काम करूं देऊं नये. हिरवी फांदी ओली असते, ओला दोरही विजेस वाट देतो. तारेस स्पर्श झालाच पाहिजे असें नाहीं, फांदी टेकली तरी पुरें. अशा वेळीं वीज कंपनीस कळवून प्रवाह बंद करवून घ्यावा, आणि तो बंद झाल्याची खात्री तिच्याच माणसाकडून करवावी. हें सर्व सांगितल्यावर कांहीं ठेकेदार दर वाढवितात. वाढवूं द्यावा. आणि शिडी लावून स्वतः यांत्रिक करवत चालविण्याची हौस तर कोणाही पालकानें करूं नये; शिडीवर उभें राहून जें कापतां येत नाहीं तें जमिनीवर उभें राहून लांब दांड्याच्या करवतीनें कापावें, नाहीं तर सोडून द्यावें.

आमचा कडुनिंब अद्याप उभा आहे. त्या पडवीच्या प्रसंगानंतर एका परिचितांनीं एक वृद्ध गृहस्थ पाठविले. त्यांनीं उभा जन्म झाडांवर काढलेला. आम्ही म्हटलें, "बाबा, हें झाड मुळासकट काढून टाका." ते अर्धा तास झाडाभोंवतीं फिरले, खोडावर ठोकून कान लावला, आणि म्हणाले, "मास्तर, झाड मेलं नाही. ह्या झुबक्यांतला एकेक चांगला ठेवू, बाकीचे काढू. यंदा थोडे, पुढल्या साली थोडे. घाई केली तर मग खरंच मरेल." तीन वर्षें ते दर माघांत आले. चौथ्या वर्षीं त्यांनीं वर पाहिलें, "यंदा काही नाही" म्हणाले, आणि आम्ही पुढें केलेली मजुरी न घेतां चहा पिऊन गेले.

योग्य काप व अयोग्य काप यांतील फरक विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष पाहावयाचा असल्यास आपल्या शाळेच्या पश्चिमेच्या भिंतीजवळ जें मोठें वर्षावृक्षाचें झाड आहे, त्याच्या खोडावर छातीइतक्या उंचीवर दोन जुन्या जखमा आहेत. दक्षिणेकडील जखमेभोंवतीं नव्या सालीचें कडें सर्व बाजूंनीं सारखें, बांगडीसारखें गोल आलें आहे. उत्तरेकडील जखम लांबट आहे. तिला कडें आलें तें फक्त दोन बाजूंस, वर व खालीं साल मेलेली आहे, आणि मधोमध पेन्सिल सहज आंत जाते. विज्ञान मंडळाचे विद्यार्थी दर जूनमध्यें दोन्हींची रुंदी दोऱ्यानें मोजून वहींत लिहितात. ज्यांस पाहावयाची इच्छा असेल त्यांनीं ती वही प्रयोगशाळेंत मागावी.